ई-लर्निंगचा धडा बनवणारं सॉफ्टवेअर आतून कसं चालतं

हल्ली कुठल्याही शिक्षकाला, ट्रेनिंग डिपार्टमेंटमधल्या माणसाला किंवा एनजीओवाल्याला कधी ना कधी फर्मान येतंच, की अमुक विषयाचं ई-लर्निंग मॉड्यूल करून द्या, इंटरॅक्टिव्ह पाहिजे, स्कॉर्म (म्हणजे मार्कांची नोंद ठेवणाऱ्या साइटशी बोलू शकेल असं) पाहिजे आणि पुढच्या महिन्यात पाहिजे. मग तो बिचारा गुगल करतो आणि समोर नावांचा ढीग, स्टोरीलाइन, कॅप्टिव्हेट, राइज, आयस्प्रिंग, एच५पी, ल्युमी, ईएक्सई लर्निंग, आणि प्रत्येकजण सांगतोय आमचंच सगळ्यात सोपं. यातलं कुठलं घ्यायचं हा नंतरचा प्रश्न. आधी ही सॉफ्टवेअर्स नक्की करतात काय ते कळलं की अर्धी भीती जाते, आणि सेल्सवाल्यांचं थोडं कमी ऐकावं लागतं.

तीन गोष्टींची कायम गल्लत होते. व्हिडिओ एडिटर वेगळा, ऑथरिंग टूल वेगळं आणि एलएमएस (लर्निंग मॅनेजमेंट सिस्टिम) वेगळं. एडिटरमधून व्हिडिओ निघतो, तो बघायचा, तो आपल्याला काही विचारत नाही. एलएमएस म्हणजे मूडलसारखी साइट, तिथे लॉगिन असतं, कोणी काय शिकलं, किती मार्क पडले त्याची नोंद राहते. आणि ह्या दोघांच्या मधे ऑथरिंग टूल, ज्यात चित्र, आवाज, मजकूर, व्हिडिओ एका जागी आणून आपण ठरवतो की शिकणाऱ्यानं हे केलं तर काय होईल आणि ते केलं तर काय होईल. खरं काम एवढंच, बाकी सजावट.

एक उदाहरण घेऊ म्हणजे हवेत बोलणं नको. शाळेच्या भूगोलात आणि एमपीएससीच्या तयारीत हमखास येणारा विषय, घाट आणि ते जोडणारी शहरं. कागदावर हा "जोड्या लावा" प्रश्न असतो. स्क्रीनवर तो असा करता येतो की सह्याद्रीचा नकाशा ठेवायचा, घाटावर नाशिक, पुणे, भोर, कराड, कोल्हापूर, खाली मुंबई, महाड, चिपळूण, रत्नागिरी, मधे रस्ते, आणि बाजूला नावांच्या पाच चिठ्ठ्या: थळ, बोर, वरंधा, कुंभार्ली, आंबा. चिठ्ठी उचलायची आणि बरोबर रस्त्यावर नेऊन टाकायची.

टूलमधे हे करताना नकाशाचं चित्र मागे ठेवतात, प्रत्येक रस्त्यावर एक पारदर्शक चौकट काढतात जिला ड्रॉप झोन म्हणतात, आणि मग सांगतात की कुंभार्लीची चिठ्ठी कराड-चिपळूणच्या चौकटीत पडली तरच बरोबर. स्टोरीलाइनसारख्या मोठ्या टूलमधे याच्या पुढे जाता येतं. तिथे चार शब्द सारखे कानावर पडतात. ट्रिगर म्हणजे "हे झालं की ते कर". स्टेट म्हणजे वस्तूचं रूप, साधी चिठ्ठी, उचललेली चिठ्ठी, बरोबर पडल्यावर हिरवी झालेली चिठ्ठी. लेयर म्हणजे स्लाइडवर तेवढ्यापुरता येणारा पडदा, ज्यावर आपण "शाब्बास" वगैरे लिहितो. आणि व्हेरिएबल म्हणजे लक्षात ठेवायचा आकडा किंवा शब्द, उदाहरणार्थ "चुका" नावाचं व्हेरिएबल ठेवलं, प्रत्येक चुकीला त्यात एक मिळवला, आणि ते दोनवर गेलं की आपोआप इशारा दाखवायचा. ही चारही ज्याला जमली त्याला प्रोग्रॅमिंगच जमलं म्हणा, फक्त कोड टाइप न करता. एच५पीमधे एवढी मोकळीक नाही, तिथे प्रश्नाचा प्रकार निवडायचा आणि फॉर्म भरल्यासारखं भरत जायचं, पण त्यामुळेच दुपारी बसलेला मास्तर संध्याकाळी धडा घेऊन उठतो.

आता माझं मत. टूल कुठलं वापरलं यापेक्षा चूक झाल्यावर धडा काय बोलतो यावर धडा चांगला की टाकाऊ ते ठरतं. समजा कोणी आंब्याची चिठ्ठी कराड-चिपळूणवर टाकली. बहुतेक मॉड्यूल म्हणतात, "चूक! पुन्हा प्रयत्न करा." अरे पण काय चुकलं? त्याजागी असं लिहा की "कराडहून पाटण, कोयनानगर करत उतरलात तर लागतो तो कुंभार्ली, आणि पोचता चिपळूणला. आंबा घाट कोल्हापूरहून रत्नागिरीला जाताना लागतो." लिहायला पाच मिनिटं जातात, आणि तिथेच तो माणूस काहीतरी शिकतो, कारण चुकल्याक्षणी त्याचं लक्ष पूर्ण तुमच्याकडे असतं. सगळ्या टूलमधे प्रत्येक पर्यायाला वेगळा फीडबॅक द्यायची सोय थोडीफार असते आणि सगळ्यात रिकामी राहणारी जागाही तीच.

दुसरी खोड म्हणजे स्क्रीनवर परिच्छेदच्या परिच्छेद आणि निवेदकही तेच शब्दन्‌शब्द वाचतोय. रिचर्ड मेयर म्हणून कॅलिफोर्नियातले मानसशास्त्रज्ञ आहेत, चित्र आणि शब्द एकत्र कसे शिकवतात यावर त्यांचं आयुष्यभराचं काम आहे, त्यांच्या प्रयोगांमधून वारंवार दिसलेली गोष्ट अशी की चित्रासोबत निवेदन असेल तर तोच मजकूर पुन्हा स्क्रीनवर छापल्यानं मदत होत नाही, उलट डोळे वाचण्यात अडकतात आणि चित्र राहून जातं. ज्यांना ऐकू येत नाही किंवा भाषा नवी आहे त्यांच्यासाठी मजकूर हवाच, पण तो सबटायटलसारखा चालू-बंद करता येईल असा द्या. आणि निवेदन संपेपर्यंत नेक्स्टचं बटण लॉक करून ठेवायची पद्धत ज्यानं काढली त्याला एकदा स्वतःचंच मॉड्यूल बसून पूर्ण करायला लावलं पाहिजे.

बरं, धडा तयार झाला. मग येतं पब्लिश बटण, आणि इथून पुढचं फार कमी लोक बघतात. स्कॉर्म निवडून पब्लिश केलं की हातात एक झिप फाइल येते. ती एलएमएसवर चढवायच्या आधी एकदा उघडून बघाच. आत काही जादू नसते. एक एचटीएमएल पान असतं, चित्रांचं आणि आवाजाचं फोल्डर असतं, जावास्क्रिप्टच्या फायली (पान हलतं-बोलतं करणारा कोड) असतात, म्हणजे थोडक्यात एक छोटी वेबसाइट. फक्त सोबत आयएमएस-मॅनिफेस्ट नावाची एक एक्सएमएल फाइल असते, तिच्यात लिहिलेलं असतं की ह्या धड्याचं नाव काय, भाग किती आणि सुरुवात कुठल्या पानापासून करायची. ही फाइल झिपच्या अगदी वरच्या पातळीवर असावी लागते. कोणीतरी झिप एक्स्ट्रॅक्ट करतं, परत फोल्डरसकट झिप करतं, फाइल एक पायरी आत जाते, आणि एलएमएस म्हणतं हे पॅकेज चालणार नाही. ह्या एका कारणावरून किती ईमेल इकडून तिकडे फिरले असतील देव जाणे.

स्कॉर्म हे सॉफ्टवेअर नाही, ते धडा आणि एलएमएस यांनी एकमेकांशी कसं बोलायचं त्याचे नियम आहेत. त्याच्याही आधी हा प्रश्न विमानवाल्यांना पडला होता. कॉम्प्युटरवरचं ट्रेनिंग आलं, पण एका कंपनीचा कोर्स दुसऱ्याच्या सिस्टिमवर चालेना, म्हणून १९८८ मध्ये एआयसीसी नावाची समिती स्थापन झाली. पुढे अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या एडीएल उपक्रमातून स्कॉर्म आलं. त्याची १.२ ही आवृत्ती २००१ मधली आहे, आणि गंमत म्हणजे आजही ढिगानं कोर्स ह्याच आवृत्तीत पब्लिश होतात कारण ती सगळीकडे चालते.

संवाद कसा होतो बघा. धडा उघडला की त्याच्यातली जावास्क्रिप्ट आजूबाजूच्या खिडक्यांमधे एपीआय नावाची वस्तू शोधते, ती एलएमएसनं तिथे ठेवलेली असते. सापडली की "सुरू करतो" असा निरोप जातो. मग मधेमधे निरोप जात राहतात, मार्क ७०, स्थिती पास, तो अकराव्या स्लाइडवर आहे, आणि शेवटी "संपलं". म्हणजे एलएमएस झालं हजेरीपत्रक, आणि त्यात काय भरायचं ते धडाच सांगणार. तुम्ही तेच एचटीएमएल पान तुमच्या लॅपटॉपवर डबल क्लिक करून उघडलंत तर धडा दिसेल पण मार्क कुठेच जाणार नाहीत, कारण पलीकडे ऐकणारं कोणी नाही.

हे एकदा कळलं की प्रत्येक ऑफिसात ऐकू येणारी ती तक्रार, "मी पूर्ण केलं होतं हो, तरी इनकम्प्लीट दाखवतंय", तिची कारणंही कळतात. शेवटच्या स्लाइडवर "एक्झिट" न दाबता माणसानं सरळ टॅब बंद केली किंवा फोन लॉक झाला, तर शेवटचा निरोप कधीकधी निघतच नाही. किंवा बनवणाऱ्यानं "सगळ्या स्लाइड पाहिल्या तर पूर्ण" अशी अट टाकली आणि एक स्लाइड अशी होती जी फक्त चुकीचं उत्तर दिल्यावर दिसते, म्हणजे ज्यानं सगळं बरोबर केलं तो कधीच पूर्ण होणार नाही! किंवा मग कोर्स लांबलचक होता. स्कॉर्म १.२ मधे "कुठपर्यंत आलो" ते साठवायला ४०९६ अक्षरांची जागा असते, त्यात प्रत्येक प्रश्नाचं उत्तर, प्रत्येक व्हेरिएबल कोंबायचं, ते भरलं की एलएमएस पुढचं घेत नाही आणि माणूस दुसऱ्या दिवशी परत पहिल्या स्लाइडवर. शिवाय १.२ मधे "पूर्ण केलं" आणि "पास झाला" यांना मिळून एकच रकाना आहे, त्यामुळे कोर्स सगळा बघितला पण नापास झाला अशा माणसाचं काय लिहायचं हा घोळ कायमचा. स्कॉर्म २००४ मधे हे दोन रकाने वेगळे केले.

एक्सएपीआय हा त्याच्या पुढचा प्रकार, त्याची १.० आवृत्ती २०१३ मधे आली. त्यात नोंदी वाक्यासारख्या असतात, कोणी, काय केलं, कशावर. "सुमननं कुंभार्लीचा प्रश्न दुसऱ्या प्रयत्नात सोडवला" एवढं बारीक लिहिता येतं, आणि ते एलएमएसच्या बाहेर, मोबाइल ॲपमधे घडलं तरी चालतं. पण ह्या नोंदी साठवायला वेगळी जागा लागते, एलआरएस म्हणतात तिला, आणि खरं सांगायचं तर बहुतेक ठिकाणी एवढ्या नोंदी जमवून कोणी बघत नाही. सरांना पास-नापासची एक्सेल शीट हवी असते, बास.

आता थोडा इतिहास, कारण तो माहीत नसला की लोक तीच चूक परत करतात. १९८७ मधे ऑथरवेअर आलं, त्यात एका उभ्या रेषेवर आयकॉन ओवत जायचे आणि कोर्स तयार व्हायचा. त्याच वर्षी ॲपलचं हायपरकार्ड आलं, तेही स्क्रीनवरची कार्डं एकमेकांना जोडत जायचं सॉफ्टवेअर. ऑथरवेअर पुढे मॅक्रोमीडियाकडे आणि मग अडोबीकडे गेलं आणि २००७ मधे अडोबीनं त्याचं काम थांबवलं. मधल्या काळात सगळी दुनिया फ्लॅशवर, म्हणजे वेबपानात ॲनिमेशन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, गेली होती. शाळांना वाटलेल्या सीड्या, विज्ञानाची ॲनिमेशन्स, कंपन्यांचे कोर्स, सगळं फ्लॅश. मग आयफोन आणि आयपॅडनं फ्लॅश घेतलाच नाही, आणि ३१ डिसेंबर २०२० ला अडोबीनं फ्लॅशचं दुकान बंद केलं, १२ जानेवारी २०२१ पासून तर प्लेयर स्वतःच चालायला नकार द्यायला लागला. रफल नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर जुन्या फ्लॅश फायली बऱ्याच अंशी चालवतं, पण सगळ्या नाही.

त्यात वाचलं कोण? ज्यांच्याकडे मूळ फाइल होती ते. फ्लॅशमधे एसडब्ल्यूएफ ही पब्लिश झालेली फाइल आणि एफएलए ही मूळ, ज्यात बदल करता येतो. ज्यांनी व्हेंडरकडून फक्त एसडब्ल्यूएफ घेतली होती त्यांना सगळं पहिल्यापासून करावं लागलं. आजही तेच आहे, फक्त नावं बदलली. स्टोरीलाइनची झिप ही पब्लिश झालेली गोष्ट, तिच्यातून परत मूळ प्रोजेक्ट निघत नाही. मूळ असते ती डॉट-स्टोरी फाइल, आणि ती उघडायला स्टोरीलाइनचंच लायसन्स लागतं, तेही विंडोजवर.

ह्याच कारणासाठी मी छोट्या संस्थांना आणि शिक्षकांना एच५पी सुचवतो. नॉर्वेच्या जूबेल कंपनीनं २०१३ च्या सुमारास काढलेलं ओपन सोर्स काम आहे, मूडल आणि वर्डप्रेसवर फुकट बसवता येतं, आणि साइटच नसेल तर ल्युमी नावाचा डेस्कटॉप एडिटर आहे. यात मूळ फाइल आणि पब्लिश झालेली फाइल असा भेदच नाही. डॉट-एच५पी फाइल डाउनलोड केली, दुसऱ्या साइटवर चढवली, एडिट दाबलं की बदल करता येतो. तीसुद्धा झिपच असते. नाव बदलून उघडली की आत कंटेंट नावाचं फोल्डर, त्यात एक जेसन (साध्या मजकुराची) फाइल, आणि आपला "कराडहून पाटण, कोयनानगर करत" तिच्यातच साठवलेला. उद्या एच५पी बंद पडलं तरी मजकूर कुठे जात नाही. ईएक्सई लर्निंगही फुकट आहे, न्यूझीलंडमधे सुरू झालं आणि आता स्पेनमधे सांभाळलं जातं, त्यातून साधी वेबसाइट, स्कॉर्म, ईपब (ई-पुस्तक) सगळं काढता येतं, पुस्तकासारखी पानं असलेला मजकूर असेल तर ते जास्त बरं पडतं. स्टोरीलाइन वाईट आहे असं नाही, सिम्युलेशन करायचं असेल, मशीनचं पॅनल दाखवून कुठलं बटण आधी दाबायचं ते शिकवायचं असेल तर तेच लागतं.

पण मराठीत धडा करताना जे त्रास होतात ते ह्या कुठल्याच कंपनीच्या जाहिरातीत नसतात. पहिला, जुना मजकूर. छापखान्यातून पेजमेकरची फाइल येते, ती श्रीलिपीत किंवा तसल्याच जुन्या फॉन्टमधे असते, कॉपी करून टूलमधे टाकली की अगम्य चिन्हं दिसतात कारण आत अक्षरं मराठी नसतातच, फक्त फॉन्टचा मुखवटा असतो. ती आधी युनिकोडमधे (सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत) बदलून घ्या आणि बदलल्यावर जोडाक्षरं, रफार डोळ्यांनी तपासा. दुसरा, गाळलेल्या जागा भरा. मशीन उत्तराची तुलना अक्षराला अक्षर लावून करतं. एकानं आकडा देवनागरीत टाकला, दुसऱ्यानं रोमनमधे, मशीनच्या लेखी ती दोन वेगळी उत्तरं. "दऱ्या" मधला अर्धा र तर दोन वेगवेगळ्या प्रकारे टाइप होतो, दिसायला अगदी सारखा, आत कोड वेगळे, मग बरोबर उत्तराला शून्य मार्क आणि मुलाला कळेच ना की काय चुकलं. एच५पीमधे उत्तरामधे तिरकी रेघ देऊन पर्याय लिहिता येतात आणि बारीकसारीक स्पेलिंग चुका चालवून घ्यायची सेटिंगही आहे. तरी मराठीत शक्यतो टाइप करायला लावूच नका, निवडायला किंवा ओढायला लावा. तिसरा, फायलींची नावं. चित्राला "घाट नकाशा नवीन फायनल" असं देवनागरी नाव ठेवलं तर काही सर्व्हरवर झिप उघडताना ते बिघडतं आणि चित्राच्या जागी रिकामी चौकट. नावं रोमनमधे, लहान लिपीत, स्पेस न देता ठेवा.

आणि फोन. स्टोरीलाइनची स्लाइड मुळात आडवी असते, ती फोनच्या उभ्या स्क्रीनवर आक्रसते, आणि देवनागरीला वर मात्रा, खाली उकार असल्यानं तेवढ्या आकारात अनुस्वार आहे की नाही तेही दिसत नाही. आपले बहुतेक शिकणारे फोनवरच आहेत. म्हणून स्लाइडऐवजी वरून खाली वाहत जाणारं पान, जसं राइजमधे किंवा एच५पीमधे असतं, ते जास्त चालतं.

आवाजाचं म्हणाल तर महागड्या माइकपेक्षा स्क्रिप्ट आधी पक्की असणं महत्त्वाचं. आमच्या धंद्यात स्टोरीबोर्ड म्हणतात, वर्डमधे एक तक्ता, एका रकान्यात स्क्रीनवर काय दिसेल, दुसऱ्यात निवेदन, तिसऱ्यात डेव्हलपरसाठी सूचना. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचं उदाहरण बघण्यासारखं आहे. ते फुकट सॉफ्टवेअर शिकवणारे छोटे व्हिडिओ करतात, निवेदन वेळेप्रमाणे तक्त्यात लिहिलेलं असतं, त्यामुळे चित्र तेच ठेवून मराठी किंवा तमिळ निवेदन चढवता येतं. चित्र आणि शब्द सुरुवातीपासून वेगळे ठेवले की भाषांतर स्वस्त पडतं. उलट नकाशाच्या चित्रातच "कोल्हापूर" असं नाव रंगवून टाकलं असेल तर इंग्रजी आवृत्तीला अख्खा नकाशा परत करा.

हल्ली ह्या टूलमधे एआय आलंय, विषय सांगितला की प्रश्न काढून देतं. कच्चा माल म्हणून ठीक आहे, पण चुकीचे पर्याय ते असे देतं की लहान पोरालाही कळावं, आणि घाटाचं नाव एका ठिकाणचं नि शहर दुसऱ्या ठिकाणचं असंही ठोकून देतं, तेव्हा ॲटलास जवळ ठेवून वाचा.

चढवण्याआधी तपासणी म्हणजे एकदा सगळी उत्तरं मुद्दाम चुकवा, एकदा सगळी बरोबर द्या, एकदा मधेच टॅब बंद करून परत या, आणि तिन्ही वेळा एलएमएसच्या रिपोर्टमधे काय पडलं ते बघा. हे सगळं स्वस्तातल्या अँड्रॉइड फोनवर, वायफाय बंद करून, मोबाइल डेटावर. नकाशावर ओढायचा प्रश्न असेल तर माउस न धरता फक्त कीबोर्डवर सोडवून बघा, जमत नसेल तर ज्यांना हात नीट वापरता येत नाहीत किंवा स्क्रीन रीडर लागतो त्यांच्यासाठी तोच प्रश्न साध्या पर्यायांच्या रूपात सोबत द्या. आणि काम बाहेरच्या कंपनीला दिलं असेल तर शेवटचा चेक देण्याआधी झिपबरोबर मूळ प्रोजेक्ट फाइल, स्टोरीबोर्ड, निवेदनाच्या मूळ ऑडिओ फायली आणि वापरलेले फॉन्ट ताब्यात घ्या, तसं करारातच लिहून घ्या.